संधी आणि संधिवात

नरकचतुर्दशीची पहाट. पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, उटण्याचा दरवळ. आणि आमच्या मातोश्री पाटावर बसता बसता ‘अगं आई गं!’ म्हणून उद्गारतात. माझ्या लहानपणी हा उद्गार आजीचा होता. आता तो आईचा आहे, आणि पाटावरून उठताना हल्ली माझ्याही तोंडून निसटू लागला आहे. वडिलोपार्जित इस्टेट म्हणून आमच्याकडे आली ती एवढीच!

मी कॉलेजात मराठी शिकवतो. स्वरसंधी, व्यंजनसंधी मुलांना सोडवून दाखवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण घरी आल्यावर कळते, की व्याकरणातला संधी सोडवणे सोपे, गुडघ्यातला कठीण.

त्यातून दिवाळीआधीचे आठ दिवस म्हणजे सांध्यांची वार्षिक परीक्षाच! माळ्यावरचे डबे काढणे, जमिनीवर बसून शंकरपाळे लाटणे, चकलीचा सोऱ्या दाबणे. एकही सांधा सुटत नाही. पाडव्यापर्यंत घरातल्या निम्म्या माणसांचे काही ना काही दुखत असते आणि उरलेली निम्मी उपाय सांगत असतात. कुणी निर्गुंडीचा पाला वाफवून बांधा म्हणते, कुणी वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवते, कुणी तिळाच्या तेलात लसूण कढवते. या उपायांची मी थट्टा करणार नाही. श्रमाने आखडलेल्या सांध्याला शेक दिला की तिथले रक्ताभिसरण वाढते, स्नायू सैल पडतात, बरे वाटते. मायेने चोळणाऱ्या हाताचाही त्यात वाटा असतोच.

पण २०१९ सालच्या दिवाळीची गोष्ट सांगतो. आईच्या घोट्यात कळ येऊ लागली. शेजारच्या काकूंनी विटेचा शेक सुचवला. मी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्या पायाशी ठेवली. ‘बरं वाटतंय रे, राहू दे,’ असे म्हणून ती झोपली. मीही मातृसेवेच्या समाधानात झोपलो. सकाळी पाहतो तो घोट्याजवळ रुपयाएवढा फोड, आणि तिला त्याचा पत्ताच नाही!

डॉक्टरांनी फोड पाहिला आणि मला विचारले, ‘यांना मधुमेह किती वर्षं आहे?’

‘१५.’

‘आणि पायाला चटका कळतो की नाही, हे तुम्ही कधी पाहिलंत?’

मी काय बोलणार? मधुमेह जुना झाला की पुष्कळदा पावलांचे ज्ञानतंतू बधिर होतात. चटका कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. ती भरायला दोन महिने लागले. पट्टी बदलताना आई एवढेच म्हणे, ‘तू चांगल्यासाठीच केलंस.’ ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम झाले आहेत. बधिर पावलाला शेक नाही म्हणजे नाही. इतरांना द्यायचा, तर देणाऱ्याने तो आधी आपल्या मनगटावर पाहायचा. रबरी पिशवीला जाड टॉवेल गुंडाळायचा, १५ ते २० मिनिटांत ती काढायची आणि अंथरुणात कधीच ठेवायची नाही. बाम चोळून त्यावर शेक द्यायचा नाही; कातडी भाजते. पाय नुकताच मुरगळून सुजला असेल तर चोळणेही नको, शेकणेही नको. पहिले दोन दिवस विश्रांती, पायाखाली उशी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १० ते १५ मिनिटे. विंटरग्रीनच्या तेलाची बाटली मात्र कुलपात! चमचाभर तेल लहान मुलाच्या पोटात गेले, तर जिवावर बेतू शकते.

आमची आजी बिब्बा लावी. चांगल्या कामात बिब्बा घालणारा कुणालाच आवडत नाही. मग तो सांध्यावर तरी का घालावा? तो अंगावर उततो, फोड येतात. आणि ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून चार हात दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे.

उपाय घरगुती खरा. पण दुखणे घरगुती आहे का, हे आधी पाहावे. सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रोज सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहत असतील, किंवा साधे दुखणे दोन आठवड्यांतही हटले नाही, तरी पाल्याच्या शोधात फिरू नये.

आई आता रोज खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करते, ५ अंक मोजते आणि खाली ठेवते. दोन्ही पाय १०-१० वेळा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार हलका होतो.

यंदाही पहाटे मी तेल कोमट करीन आणि आधी माझ्या मनगटावर लावून पाहीन. ‘माझ्यापेक्षा तुझीच कातडी नाजूक!’ असे म्हणत आई पाटाऐवजी उंच स्टुलावर बसेल. घोट्याजवळचा तो पांढुरका डाग दिसेल. तो मी दर वर्षी पाहतो. बसताना ती ‘अगं आई गं’ म्हणणार नाही, अशी हमी मात्र मी देत नाही.