इनकॉग्निटो लपवतं, पण कुणापासून?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मामू, मी तर हिस्टरी पुसली होती!"

घरात एकच स्मार्टफोन. त्यावर तिने पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहांची माहिती शोधली होती. आधी अम्मीला सांगायचं, मग अब्बांना, असा तिचा बेत. पण दोन दिवसांनी अब्बा क्रिकेटचा स्कोअर बघायला बसले आणि खाली वसतिगृहाची जाहिरात आली. एक नाही, तीन. पुढे घरात काय झालं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिने हिस्टरीतल्या त्या ओळी तेवढ्या पुसल्या होत्या. वेबसाइटींनी फोनमध्ये ठेवलेल्या कुकीज आणि फोनला जोडलेल्या खात्यातल्या नोंदी तशाच राहिल्या. जाहिराती त्यांच्यावरच चालतात.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यातल्या अनेकांचे प्रश्न घरात विचारता येत नाहीत, मोहल्ल्यात तर नाहीच. पोटगीचा कायदा, विशेष विवाह कायद्याची नोटीस, नैराश्य, मनातल्या शंका. ते आपण फोनलाच विचारतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. पण न्यायालय तुमच्या फोनचं सेटिंग बदलून देत नाही.

भाचीने लगेच विचारलं, "मग इनकॉग्निटो वापरू?" तर ते लपवतं घरच्यांपासून. वेबसाइटला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड करताना कंपनीने जुन्या नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. गूगलची बहुतांश कमाई जाहिरातींची आहे. क्रोम फुकट का मिळतो, हे त्यावरून समजून घ्या.

मी स्वतः फायरफॉक्स वापरतो. त्यात प्रत्येक वेबसाइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात राहतात, त्यामुळे वसतिगृहाच्या पानावरची कुकी क्रिकेटच्या पानावर वाचता येत नाही. अँड्रॉइडवर त्याला 'यूब्लॉक ओरिजिन' जोडता येतं. मग जाहिराती जातात, डेटाही वाचतो. ब्रेव्हमध्ये हे अडवणं आधीपासूनच चालू असतं. पण २०२० मध्ये क्रिप्टोच्या काही पत्त्यांना तो गुपचूप स्वतःचा कमिशनचा कोड जोडताना सापडला आणि माफी मागावी लागली. फायरफॉक्सचंही बरंचसं उत्पन्न गूगलला सर्च इंजिन म्हणून ठेवण्याच्या करारातून येतं. म्हणून फायरफॉक्स घेतला तरी सर्चच्या जागी डकडकगो निवडा. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही गूगलच्या किंवा फेसबुकच्या खात्यात लॉगिन करून बसलात, तर तिथे काय करता ते त्यांना कळणारच. तुम्ही कोणत्या वेबसाइटवर गेलात, हे इंटरनेट पुरवणाऱ्याला बहुधा दिसतंच. टोर ब्राउझर तेही झाकतो, पण तो संथ आहे. रोजच्या कामाला मला तो झेपला नाही. एखादी सरकारी वेबसाइट नव्या ब्राउझरमध्ये अडली, तर तेवढ्यापुरता जुना उघडा. त्यात कमीपणा नाही.

घरात एकच फोन असेल, तर 'फायरफॉक्स फोकस' बरा. कचरापेटीचं बटण दाबलं की त्या बैठकीतल्या कुकीज आणि हिस्टरी दोन्ही जातात. फक्त त्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसतं. ते कुणापासून लपत नाही.

मागच्या रविवारी मी भाचीच्या घरी जाऊन तो टाकून दिला. संध्याकाळी अब्बांनी विचारलंच, "हे काय नवीन?" तिने सांगितलं, "मामूने टाकलंय."

आता मी त्यांच्या फोनची वाट बघतोय. वसतिगृहाचा विषयही तेव्हाच काढीन म्हणतो.