नमुना पाहूनच सौदा करावा

हायस्कूलच्या मुलांना पशुवैद्यकशास्त्राची ओळख करून देणारी शिबिरे आता घरबसल्या, संगणकावर आणि मोबाईलवर भरू लागली आहेत. अमेरिकेतील पशुवैद्यकीय महाविद्यालये उन्हाळी सुट्टीत अशी शिबिरे पूर्वीपासून घेत आली आहेत. २०२० साली कोरोनामुळे दारे बंद झाली, तेव्हा त्यांतील काही शिबिरे ऑनलाइन झाली. जनावराचा एक्स-रे कसा वाचावा, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे काय काम करतात, जनावराचा रोग माणसाला कसा लागतो, हे तेथे मुलांना पडद्यावर समजावून सांगितले जाते. टाके घालण्याचा सराव मुले घरी केळ्याच्या सालीवर करतात.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, हा विषय आमच्या पानाचाच आहे. आमच्या समाजातील किती घरांची रोजी जनावरांवर चालते, याचा हिशेब करून पाहावा. बकऱ्यांचे व्यापारी, मटणाची दुकाने, दुधाचे तबेले, चामड्याचे कारागीर, कोंबड्यांचे घाऊक विक्रेते अशी ही यादी लांब आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात शेळ्या-बकऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर होती. एवढा मोठा माल ज्या धंद्यात फिरतो, त्या धंद्यात पावलोपावली पशुवैद्याची सही लागते. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे जनावर गाडीत भरताना त्याच्या आरोग्याचा दाखला हवा. २००१ च्या नियमांप्रमाणे कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी पशुवैद्याने तपासावे लागते. मांसाची निर्यात तर या दाखल्याशिवाय होतच नाही. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी रोग पसरला, तेव्हा गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली आणि अनेकांचे भांडवल खुंट्यावर अडकून पडले. चामड्याच्या कारागिरांना वेगळे सांगायला नको. गोचीड आणि खरूज यांचे डाग कातड्यावर एकदा उठले की कोणत्याही रंगाने ते झाकले जात नाहीत, आणि भाव तेथेच पडतो.

असे असूनही या धंद्यांतील घरांतून पशुवैद्य किती निघाले? बोटांवर मोजावेत एवढेच. मुलगा हुशार निघाला की त्याला डॉक्टर किंवा इंजिनिअर करावयाचे, आणि ते जमले नाही की गादीवर बसवावयाचे, असा आमचा रिवाज झाला आहे. "ढोरांचा डॉक्टर" म्हटले की नातेवाईक हसतात, रिश्त्याच्या गोष्टीत तोंड वाकडे करतात. ज्याच्या सहीसाठी आपण उन्हात तासन् तास उभे राहतो, त्याचाच पेशा आपल्या घरात कमी दर्जाचा ठरतो, हा हिशेब आम्हांस समजत नाही.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून आहे. ते जनावरांच्या ज्या इस्पितळाजवळ सुरू झाले, ते कापड गिरण्यांचे मालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव आहे. कापडाच्या धंद्यात कमावलेला पैसा या इल्मसाठी लागला, याचा आम्हा कापडवाल्यांना अभिमान वाटावा. आज परळखेरीज नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते.

आता शिबिराकडे वळू. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तागा उलगडून, सूत चिमटीत धरून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. मुलाच्या आयुष्याची साडेपाच वर्षे मात्र आपण नमुना न पाहता लावतो. नववी-दहावीतल्या मुलाला चार-आठ दिवसांत हा पेशा आपल्या मनाचा आहे की नाही, हे कळले तर फार मोठे नुकसान टळते. ज्या मुलींना परगावच्या शिबिराला पाठविण्यास आईबाप तयार नसतात, त्यांनाही हे घरात बसून पाहता येते. अमेरिकेत पशुवैद्यक शिकणाऱ्यांत आज मुली मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

परंतु माल घेताना त्याची खोटही पाहावी. परदेशी शिबिराची फी डॉलरमध्ये, भाषा इंग्रजी, आणि तेथील दिवसाचा वर्ग म्हणजे आपली रात्र. शेवटी हातात प्रमाणपत्र पडते. तेथे प्रवेश देताना मुलाने जनावरांबरोबर किती काम केले, हे पाहतात. आपल्याकडे प्रवेश मिळतो तो बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन व पुढे नीट परीक्षेच्या गुणांवर. तेथे या प्रमाणपत्राला कवडीची किंमत नाही. तेव्हा "प्रवेशाला उपयोगी पडेल" असे सांगून कोणी भारी फी मागत असेल, तर पालकांनी हात आखडता घ्यावा. दुसरी गोष्ट अशी की, तापाने फणफणलेल्या म्हशीजवळ उभे राहण्याची हिंमत पडद्यावर येत नाही. शेण, रक्त आणि लाथ यांची ओळख तबेल्यातच होते.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या अंजुमनी आणि संस्था हायस्कुले चालवितात, त्यांनी सुट्टीत असे शिबिर स्वतः भरवावे. वर्गात एक पडदा आणि इंटरनेट असले की परळ किंवा उदगीरच्या प्राध्यापकांना विनंती करून मराठीत किंवा उर्दूत आठ तासिका घेता येतील. त्यानंतर दोन दिवस मुलांना जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि एखाद्या तबेल्यात न्यावे. तबेले आपल्याच बांधवांचे आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. खर्च एका दावतीपेक्षा अधिक येणार नाही, आणि तो बाजारातील चार दुकानदारांनी मिळून उचलावा.

उर्दू शाळेतली मुले मागे पडतील, ही भीती आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्हीही उर्दू शाळेतच शिकलो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ पासून नीट परीक्षा उर्दूतूनही देता येते, आणि मराठीतून तर येतेच. पुढील शिक्षण मात्र इंग्रजीतून आहे, म्हणून इंग्रजीची तयारी आठवीपासूनच करून घ्यावी.

दहावीच्या निकालानंतर धावपळ करून काही होत नाही. ज्यांचे मूल आज नववीत आहे, त्यांनी या आठवड्यातच मुख्याध्यापकांना भेटून ही गोष्ट काढावी. जनावरांची परख पिढ्यान् पिढ्या आमच्या घरांत आहे. तिला इल्मची जोड मिळाली, तर दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्यांची मुले उद्या त्या दाखल्यावर सही करतील.