स्वस्तात मिळालेला पिचर

२०१८ च्या जुलैमध्ये मी टेक्सासमधल्या ह्यूस्टनला भाचीकडे महिनाभर राहिले होते. तिच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर रोज एकच वाद रंगायचा: केन जाइल्सला ठेवायचा की घालवायचा? वाद घालणारे म्हणजे आमचे जावई, त्यांच्या ऑफिसातले दोन मित्र आणि शेजारचे एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ. (कॉफी भाची करत होती, हे वेगळे सांगायला नको.)

बेसबॉल मलाही कळत नव्हता, म्हणून थोडक्यात सांगते. सामना नऊ डावांचा. सुरुवातीचा पिचर थकला की मागून दुसरे पिचर येतात. त्यांतला एक शेवटच्या डावासाठी राखून ठेवलेला असतो. आपला संघ एकदोन धावांनी पुढे असताना त्याने यायचे, समोरच्यांचे तीन गडी बाद करायचे आणि घरी जायचे. जमले तर त्यात विशेष काही नाही. चुकले तर सगळे शहर त्याच्या नावाने खडे फोडते.

जाइल्स तेव्हा २७ वर्षांचा होता. २०१७ ची वर्ल्ड सिरीज ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने जिंकली, पण त्यातल्या दोन सामन्यांत तो इतका महाग पडला की नंतर त्याच्या हाती चेंडूच दिला गेला नाही. २०१८ च्या मे महिन्यात होमरन बसल्यावर मैदानातून परत जाताना त्याने स्वतःच्याच तोंडावर ठोसा मारून घेतला. जुलैमध्ये त्याला खालच्या दर्जाच्या संघात पाठवले. एक मित्र म्हणे, त्याचे डोके फिरलेय. दुसरा कसलीतरी सरासरी काढून दाखवी. शेजारचे आजोबा तेवढे म्हणत, पोरगा आहे, वेळ द्या. मला त्या मुलाची कणव येई. स्वतःच्या चुकीसाठी स्वतःलाच मारून घेणारा पुरुष मी तरी आमच्या केंद्रात कधी पाहिला नव्हता.

३० जुलैला वाद मिटला. जाइल्स आणि आणखी दोन तरुण पिचर टोरँटोच्या संघाला देऊन त्यांच्या बदल्यात अ‍ॅस्ट्रोजने रोबेर्तो ओसूनाला घेतले. वय २३, शेवटच्या डावातल्या उत्तम पिचरपैकी एक. जावई खूश होऊन म्हणाले, “मावशी, अगदी स्वस्तात मिळाला!”

मी विचारले, एवढा चांगला आहे तर स्वस्तात कसा?

उत्तर भाचीने दिले. मे महिन्यात टोरँटोच्या पोलिसांनी ओसूनाला एका स्त्रीवर हल्ला केल्याच्या आरोपावरून अटक केली होती. ती त्याच्या मुलाची आई. त्याने वकिलामार्फत गुन्हा नाकारला. अमेरिकेच्या बेसबॉल लीगने २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी करार करून घरगुती हिंसाचाराबद्दल नियम केले आहेत. त्यांनुसार न्यायालयात दोष सिद्ध झाला नाही तरी लीग शिक्षा करू शकते. लीगने चौकशी करून ओसूनाला ७५ सामने बिनपगारी बसवले. त्याने अपील केले नाही. ही शिक्षा पुरी व्हायच्या आतच ह्यूस्टनने त्याला घेतले.

सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतला. ती मेक्सिकोला परत गेली होती आणि साक्षीसाठी येणार नव्हती. ओसूनाने वर्षभर तिच्यापासून दूर राहावे आणि समुपदेशन चालू ठेवावे, एवढे बंधन त्याच्याकडून लिहून घेतले गेले. ही बातमी मला भाचीने फोनवर सांगितली, आणि पाठोपाठ म्हणाली, “आमच्याकडे सगळे म्हणतात, बघा, काही नव्हतंच.”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कोर्टाच्या व्हरांड्यात किती वेळा ऐकले आहे! त्या घरात काय घडले ते मला माहीत नाही, जावयांच्या मित्रांनाही नाही. पण बाई साक्षीला आली नाही याचा अर्थ काही घडलेच नाही असा होत नाही, एवढे आपल्याला अनुभवाने कळते. परका देश, पदरात मूल, आणि समोर लाखो डॉलर मिळवणारा माणूस. भाचीला हे माझ्याआधी कळले. तिचा स्वतःचा व्हिसा त्या वेळी नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून होता. त्याची नोकरी गेली तर तिचाही तिथे राहण्याचा हक्क जाणार. ह्यूस्टनमध्ये दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘दया’ ही संस्था १९९६ पासून काम करते. अशी संस्था का लागली, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

म्हणूनच, अशा खेळाडूला जन्मभर बाहेर काढा, असे मी म्हणत नाही. आमच्या काही कार्यकर्त्यांना हे मत पटत नाही, मला माहीत आहे. पण केंद्रात येणाऱ्या दहा जणींपैकी सहासात जणी पहिले वाक्य हेच बोलतात: “ताई, त्यांच्या नोकरीवर गदा येऊ देऊ नका.” तक्रार केली की घरातली मिळकतच बुडणार असेल तर तक्रार करायला येणार कोण?

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आरोपामुळे ओसूनाचा भाव पडला आणि त्या पडलेल्या भावाचा फायदा क्लबने उचलला. एका बाईच्या तक्रारीवर सूट मिळाली, ती दुसऱ्याच कुणाच्या खिशात गेली. याच क्लबने २०१६ मध्ये आपल्या दुय्यम संघातल्या एका खेळाडूला मैत्रिणीला मारल्याबद्दल तडकाफडकी काढले होते. त्या मारहाणीचे चित्रीकरण होते. २०१८ च्या मार्चमध्ये ते बाहेर आले तेव्हा अ‍ॅस्ट्रोजच्या मोठ्या पिचरांनी त्याला जाहीरपणे कडक शब्द सुनावले. चार महिन्यांनी ओसूना आला, तेव्हा क्लबचे म्हणणे असे की आमचे कडक धोरण आमच्याकडे आल्यानंतरच्या वागणुकीला लागू. आपल्याकडेही त्याच मार्चमध्ये एका वेगवान गोलंदाजावर पत्नीने मारहाणीचे आरोप केले. त्यांचे खरेखोटे न्यायालयाने ठरवायचे. पण क्रिकेट मंडळाने चौकशी लावली ती आर्थिक गैरव्यवहाराची, आणि त्यात काही सापडले नाही म्हटल्यावर करार देऊन टाकला.

१९ ऑक्टोबर २०१९ ची रात्र. अ‍ॅस्ट्रोज ४-२ ने पुढे, शेवटचा डाव, ओसूनाच्या हाती चेंडू. त्याने होमरन दिला आणि बरोबरी झाली. लगेच न्यूयॉर्क यँकीजकडून आरोल्डिस चॅपमन आला. २०१६ मध्ये याच नियमांखाली पहिली शिक्षा, ३० सामन्यांची, त्यालाच झाली होती, त्याच्यावर खटला मात्र भरला गेला नव्हता. त्यालाही यँकीजने चौकशी चालू असतानाच घेतले होते. त्याच्या चेंडूवर अल्टुवेने होमरन मारला आणि अ‍ॅस्ट्रोज वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले.

त्यानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत क्लबचे सहायक महाव्यवस्थापक ब्रँडन टॉबमन तीन स्त्री पत्रकारांच्या दिशेने शिवी घालून पुन्हापुन्हा ओरडले, की देवाची कृपा, आम्ही ओसूनाला घेतला. म्हणजे ज्याने त्याच रात्री सामना जवळजवळ घालवला होता त्याला! त्यांतल्या एकीच्या मनगटावर घरगुती हिंसाचाराविरुद्धचे जांभळे कडे होते. ओसूना मैदानात उतरला की ती हिंसाग्रस्त स्त्रियांच्या मदतीचा फोन नंबर प्रसिद्ध करत असे, आणि याचाच या साहेबांना राग होता.

हे छापून आल्यावर क्लबने आधी पत्रकार स्त्रीलाच खोटे ठरवले. इतर पत्रकारांनी दुजोरा दिला तेव्हा टॉबमनना काढले आणि ते निवेदन मागे घेतले. ओरडणारा गेला. ज्या सौद्यावरून तो ओरडला तो सौदा करणारे मात्र त्या वेळी जागेवरच राहिले.

भाचीचा फोन आला होता. घरी पुन्हा वाद रंगला होता, आता ओसूनाला ठेवायचा की घालवायचा. त्या मोसमात त्याने आपल्या विभागात सर्वांत जास्त, ३८ सामने राखले होते, म्हणून बहुतेकांचे मत ठेवावा असे. आजोबा या वेळी गप्प होते. भाचीने कॉफी केली नाही. मदतीचा तो नंबर तिने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. जावयांनी विचारले, “हा कशाला?” ती म्हणाली, “असू दे. तुझे मित्र पाणी घ्यायला इथेच येतात.”