उपवास आणि पळवाट

मागे एका देवस्थानच्या अग्रशाळेत महाशिवरात्रीचे पारणे आटोपून मंडळी विडा चघळीत बसली होती. कार्निव्हल संपत आला होता आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांचा राखेचा बुधवार दोन दिवसांवर होता. साहजिकच बोलणे त्यांच्या उपवासाकडे वळले. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मांस सोडायचे आणि सुंगटांचे हुमण ओरपायचे, हा कसला हो उपवास?" सारी बैठक खळखळून हसली. खोटे कशाला बोला, आम्हीही हसलो. परंतु घरी परतल्यावर ते हसू आम्हांस टोचू लागले. ज्याची आपण थट्टा करतो ते आपणांस ठाऊक तरी आहे काय, आणि ठाऊक झाल्यावर ती थट्टा कोणाच्या अंगावर उलटते, हे दोन प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम माशाचा मुद्दा निकालात काढू. रोमच्या धर्मपीठाने उपवासकाळी वर्ज्य ठरविले ते मांस. मासळी त्या निषेधात येत नाही, हे खरे. परंतु रोमचा नियम म्हणजे अखिल ख्रिस्ती धर्म नव्हे. केरळातील प्राचीन सुरियानी ख्रिस्ती ईस्टरपूर्वी पन्नास दिवसांचे व्रत पाळतात. परंपरेप्रमाणे त्यात मांस, मासळी, अंडी, दूध सारेच वर्ज्य. निनवे नगरीच्या पश्चात्तापाची आठवण म्हणून त्यांचा तीन दिवसांचा उपवास आणखी निराळा. इथिओपियातील सनातनी ख्रिस्ती तर आठवड्याचे बुधवार व शुक्रवार धरून वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस उपवासाचे मानतात. हे ज्यास ठाऊक आहे त्याला अग्रशाळेतील तो विनोद सुचणार नाही. शिवाय सोमवारी शिवराक जेवून मंगळवारी इसवणाचा भाव विचारणाऱ्या आम्हां गोमंतकीयांनी दुसऱ्याच्या ताटातील मासे मोजावेत, हे शोभतही नाही.

आता मूळ हेतूकडे वळू. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे स्मरण म्हणून हा काळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. त्यांतून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. त्या पहिल्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. त्यात दान, प्रार्थना आणि उपवास ही तीन कर्मे एकाच दमात सांगितली आहेत, आणि तिन्ही गुपचूप करावीत असा दंडक आहे. उपवास करणाऱ्याने तोंड धुवावे, केसांना तेल लावावे. लोकांना कळूच नये. पुढच्याच शुक्रवारी यशया या इब्री संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. तेथे देवाचा सवाल थेट आहे: उपवासाच्या दिवशीही मजुरांस पिळता, मग तो उपवास मला कशाला? बेड्या सोडा, आपल्या भाकरीतील वाटा भुकेल्यास द्या, निराश्रितास घरात घ्या, हाच खरा उपवास, असा त्या अध्यायाचा आशय आहे.

पाचव्या शतकातील पोप लिओ पहिला याने आपल्या प्रवचनांतून हाच धागा ओढला: उपवास करणाऱ्याने जे सोडले, त्याने गरिबाचे पोट भरले पाहिजे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने उपवासाचे तीन हेतू सांगितले: वासनांना आवर, मनाला ईश्वरचिंतनाची मोकळीक आणि पापांचे प्रायश्चित्त. त्याच विवेचनात तो हेही सांगतो की ज्या भिक्षेकऱ्यास एका वेळी पोटभर मिळण्याची शाश्वती नाही, त्यास उपवासाचा नियम लागू नाही. वाचकांनी या अपवादाकडे नीट पाहावे. भूक हेच पुण्य, असे हे शास्त्र म्हणत नाही. ज्याच्यापुढे भरलेले ताट आहे त्याने आपला हात आखडावा आणि तो दुसऱ्याकडे वळवावा, एवढेच ते मागते.

एवढा स्वच्छ हेतू असताना अडचण कोठे आली? ती नियमात आली. आम्ही कायद्यावर पोट भरणारे लोक. पळवाट आम्हांस दुरून ओळखू येते. कोणत्याही नियमाचे अक्षर सांभाळून त्याचा हेतू मारता येतो, ही आमच्या धंद्यातील जुनी विद्या, आणि ख्रिस्ती इतिहासात तिचे दाखले भरपूर सापडतात. फ्रान्समधील रूआं येथील कॅथीड्रलला 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जाणारा एक मनोरा आहे. उपवासकाळात लोणी खाण्याची सवलत मिळावी म्हणून भाविकांनी भरलेल्या पैशांतून तो उभा राहिला, असे सांगतात. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या राज्यांत 'बुला द क्रुझादा' नावाचे पोपचे फर्मान चाले. ठरीव रक्कम दान दिली की मांसवर्ज्यातून सूट मिळे. दान आणि उपवास ही खरे पाहता जुळी भावंडे. येथे एकाने दुसऱ्यास विकत घेतले.

या सवलतीच्या बाजाराचा राग येऊन सुधारक उठले. इ. स. १५२२ मध्ये झुरिक येथे फ्रोशाउअर नावाच्या छापखानदाराच्या घरी, ऐन उपवासकाळात, काही मंडळींनी उघडपणे मांसाचे सॉसेज खाल्ले. धर्मोपदेशक झ्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, परंतु पुढे प्रवचन करून खाणाऱ्यांची बाजू घेतली. अन्नाने कोणी तरत नाही की बुडत नाही, ज्यास वाटेल त्याने उपवास करावा, सक्ती नको, असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद हलका नाही. सक्तीचा उपवास म्हणजे मनात जेवणे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सक्ती गेली म्हणजे इच्छा आपोआप उपजते काय? त्याच सुधारकांच्या पंथातील काल्व्हिन यास उपवासाचे महत्त्व पुन्हा समजावून सांगावे लागले, यातच उत्तर आहे.

रोमनेही कालांतराने नियम सैल केला. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार रविवार वगळता उपवासकाळाचे सर्व दिवस उपवासाचे होते. १९६६ साली पोप सहावा पॉल याने नवी व्यवस्था लावली, आणि आजच्या १९८३ च्या संहितेत सक्तीच्या उपवासाचे दिवस उरले दोन: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडे खाणे यांस मुभा आहे. प्रसादग्रहणापूर्वीचा उपवास एके काळी मध्यरात्रीपासून असे. १९५७ साली तो तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. सैल करणारांचा हेतू चांगला होता. श्रद्धावानाने कायद्याच्या धाकावाचून, आपण होऊन, आपापल्या परीने त्याग करावा, ही अपेक्षा होती. परंतु कायदा किमान मर्यादा आखतो आणि माणूस तिलाच कमाल समजून थांबतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे. ख्रिस्ती उपवासापुढील आजचे आव्हान हेच: नियम कडक केला तर पळवाट निघते, आणि सैल केला तर विसर पडतो.

याहून सूक्ष्म शत्रू म्हणजे अहंकार. आठवड्यातून दोनदा उपवास करतो म्हणून देवापुढे मिरविणाऱ्या परूशाची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. तरीही 'दिदाखे' या ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभकाळातील ग्रंथात आदेश आहे की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलला की ढोंग टळते, ही समजूत किती जुनी! आमच्या अग्रशाळेतील हसू त्याच जातीचे होते. आपला उपवास खरा आणि शेजाऱ्याचा खोटा, हे सिद्ध करण्यात जो रमला त्याचा उपवास तेथेच मोडला.

आता थट्टा उलटते ती पाहा. महाशिवरात्रीच्या आमच्या ताटात काय होते? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची. यांपैकी एकही वस्तू मूळची या देशातली नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही अमेरिका खंडातला. बऱ्याचशा वस्तू पोर्तुगीज गलबतांतून येथे उतरल्या. आमच्या प्राचीन शास्त्रकारांना त्यांची नावेही ठाऊक नसल्यामुळे त्यांनी त्या निषिद्ध ठरविल्या नाहीत. आणि जे निषिद्ध नाही ते चालते, हा वकिली न्याय आम्ही बिनदिक्कत लावला. रूआंच्या लोण्यास हसणाऱ्याने आपल्या खिचडीवरील तूप आधी मोजावे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही पाद्र्यांनी रचलेली नाही.

कोणी म्हणतील, मग उपवासच सोडून द्यावा. मन शुद्ध असले म्हणजे झाले. असे म्हणणारांस आम्ही एवढेच विचारतो, की पोटास कधीच चिमटा न घेता मन शुद्ध ठेवणारी माणसे आपण किती पाहिली? दुसरे म्हणतील, आम्ही उपवास प्रकृतीसाठी करतो. अवश्य करावा, परंतु त्यात वाचलेले सारे आपल्याच पदरी पडते, तेव्हा त्यास व्रत म्हणू नये.

आमच्या मते उपवासाची कसोटी एकच, आणि ती यशयाने लावून ठेवली आहे: ताटातून जे वगळले ते गेले कोठे? ही कसोटी ओळखून जर्मनीतील कॅथलिकांनी १९५९ सालापासून उपवासकाळात 'मिझेरिऑर' नावाने निधी जमवून तो परदेशांतील भुकेल्यांकडे पाठविण्यास आरंभ केला. हे अनुकरण करण्यात आमचा कोणताही धर्म बुडत नाही. अन्नदानाचे माहात्म्य आम्हांस बाहेरून शिकावे लागत नाही. प्रत्येक देवस्थानाने महाशिवरात्रीस आणि एकादशीस एक पेटी ठेवावी. नेहमीच्या दिवसाचा घरखर्च आणि उपवासाच्या दिवसाचा घरखर्च यांतील फरक प्रत्येकाने तीत टाकावा, आणि ती रक्कम इस्पितळाच्या दारात उपाशी बसलेल्या रुग्णांच्या नातलगांस जेवू घालण्यास लावावी. पावती नको, फलकावर नाव नको.

मात्र हिशेब प्रामाणिक असावा. उपवासाच्या दिवसाचा खर्चच अधिक निघाला, तर पेटीत काय टाकायचे, आणि पुढच्या वर्षी अग्रशाळेत बसून हसायचे कोणाला, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या घरी करावा.