वादकाच्या जागी यंत्र

१९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात, पत्र्याच्या एका कारखान्यात, सतरा वर्षांचा एक तरुण नोकरीचा अखेरचा दिवस भरत होता. त्या दिवशी त्याचा हात यंत्रात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक तुटले. तरुण डावखुरा होता, गिटार वाजवीत होता आणि तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका उजवाच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांवर चढवायला टोपणे तयार केली, पातळ तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करून वाद्याचा स्वरही खाली उतरवला. या तरुणाचे नाव टोनी आयोमी. १९६८ मध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी उभारलेल्या ‘ब्लॅक सबाथ’ या वाद्यवृंदापासून ‘हेवी मेटल’ या संगीतप्रकाराचा इतिहास सामान्यतः सुरू केला जातो. कारखान्याने घेतलेल्या त्या दोन टोकांची किंमत कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही; ती या संगीतात ऐकू येते.

या संगीताला गोंगाट म्हणून नाक मुरडणारे रसिक सर्वत्र आहेत, आणि पुरोगामी चळवळीतही त्यांची संख्या कमी नाही. भांडवली समाजाच्या सांस्कृतिक अधःपाताचे हे लक्षण आहे, एवढे बोलून विषय संपवण्याची सवय डाव्या विचारवंतांना जुनी आहे. परंतु एखाद्या समाजाच्या आर्थिक जीवनात मोठी उलथापालथ होते तेव्हा तिची नोंद केवळ सरकारी आकडेवारीत होत नाही. लोक काय गातात आणि कसे गातात, यातही ती होते. त्या दृष्टीने बर्मिंगहॅमच्याच ‘गॉडफ्लेश’ या दुसऱ्या एका वाद्यवृंदाची कारकीर्द तपासण्याजोगी आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या वाद्यवृंदाची गणना ‘इंडस्ट्रियल मेटल’ या शाखेच्या आद्य प्रवर्तकांत होते.

‘इंडस्ट्रियल’ या विशेषणालाही इतिहास आहे. १९७६ मध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या इंग्लिश कलावंतांच्या गटाने आपल्या ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही संस्था स्थापन केली. ध्वनिफितींचे तुकडे, विद्युत्‌यंत्रांची घरघर आणि बधिर करणारी पुनरावृत्ती हे त्यांचे साहित्य होते. औद्योगिक समाजातील माणसाला औद्योगिक समाजाचाच आवाज ऐकवावा, ही त्यामागची भूमिका होती. हा विचार आणि आयोमीच्या परंपरेतील जड गिटार यांचा संगम म्हणजे इंडस्ट्रियल मेटल. हा संगम बर्मिंगहॅममध्ये घडावा, याला त्या शहराची अर्थव्यवस्था कारण आहे.

बोल्टन आणि वॉट यांची वाफेची यंत्रे १७७६ पासून याच परिसरातून बाहेर पडू लागली. ‘हजार धंद्यांचे शहर’ ही बर्मिंगहॅमची ओळख. येथील कामगारांची संघटित शक्तीही तशीच होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये संपावरील खाणकामगारांच्या मदतीला शहरातील हजारो अभियांत्रिकी कामगार काम सोडून सॉल्टली येथील कोक-आगाराच्या दारात जमले आणि पोलिसांना ते दार बंद करणे भाग पडले. त्यानंतर दहा वर्षांत चित्र पालटले. १९७९ मध्ये लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यातील कामगारनेते डेरेक रॉबिन्सन यांना कामावरून काढून टाकण्यात आले आणि ते परत येऊ शकले नाहीत. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली. बर्मिंगहॅमच्या तरुणांनी आपल्या एका वाद्यवृंदाला ‘यूबी फॉर्टी’ हे बेकारभत्त्याच्या सरकारी कागदाचे नाव दिले होते. यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

गॉडफ्लेशचा संस्थापक जस्टिन ब्रॉडरिक १९६९ मध्ये याच शहरात जन्मला आणि नगरपालिकेच्या गृहवसाहतीत वाढला. आयोमीच्या पिढीची बोटे यंत्राने घेतली होती. ब्रॉडरिकची पिढी वयात आली तेव्हा ते यंत्रच हलवले जात होते. सोळा-सतरा वर्षांच्या वयात तो ‘नेपाम डेथ’ या वाद्यवृंदात गिटार वाजवीत होता. १९८७ मध्ये निघालेल्या ‘स्कम’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूवर त्याचे वादन आहे. तिच्यातील पहिल्याच रचनेचे शीर्षक ‘बहुराष्ट्रीय कंपन्या’ अशा अर्थाचे आहे, आणि दुसरी एक रचना जेमतेम सव्वा सेकंदाची आहे. संतापाला शब्द सापडण्याआधीच जी किंकाळी फुटते, तिचे ते संगीत होते.

याच काळात ‘फॉल ऑफ बिकॉज’ या दुसऱ्या गटात ब्रॉडरिक गात होता आणि ड्रमही वाजवीत होता. त्या गटातील बासवादक ग्रीन याच्यासह त्याने १९८८ मध्ये गॉडफ्लेशची उभारणी केली, तेव्हा तो स्वतः गिटारकडे वळला. ड्रमवादकाची रिकामी झालेली जागा मात्र कोणा माणसाने घेतली नाही. तेथे ड्रम मशीन बसवण्यात आले. १९८९ मध्ये नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ या छोट्या कंपनीने काढलेल्या ‘स्ट्रीटक्लीनर’ या ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत वादकांच्या नावांबरोबर ‘यंत्रे’ असा सरळ उल्लेख आहे. या ध्वनिमुद्रिकेने गॉडफ्लेशचे नाव झाले आणि आजही तिच्याकडे या शाखेचा आधारग्रंथ म्हणून पाहिले जाते.

येथे समाजवादी वाचकाच्या मनात एक स्वाभाविक प्रश्न उभा राहील. ज्या शहरात कामगारांच्या हातचे काम जात होते, त्याच शहरातील तरुणाने एका माणसाचे काम स्वखुशीने यंत्राला द्यावे, हे कसे? उत्तर शोधताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, ज्याची जागा यंत्राने घेतली तो वादक ब्रॉडरिक स्वतःच होता, आणि यंत्राचा ताबाही त्याच्याच हाती राहिला. कारखान्यात यंत्राची गती मालक ठरवतो आणि कामगाराला तिच्यामागे धावावे लागते. येथे गती ठरवणारा आणि तिच्याबरोबर वाजवणारा एकच होता. हे तंत्र त्याने न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून उगवलेल्या हिप-हॉप संगीतातूनही उचलले होते. महागडी वाद्ये आणि मोठा वाद्यवृंद ज्यांना परवडत नाही, त्यांना अशा यंत्राने आवाज मिळवून दिला होता. यंत्र श्रमिकाचा शत्रू की मित्र, हा प्रश्न यंत्राकडे पाहून सुटत नाही. ते कोणाच्या मालकीचे आहे, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गॉडफ्लेशने यंत्राचा उपयोग यंत्राच्या गौरवासाठी केला नाही. १९१३ मध्ये इटलीतील भविष्यवादी कलावंत लुइजी रुसोलो याने गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला होता. त्याच्या पंथाने यंत्राची, वेगाची आणि युद्धाची स्तोत्रे गायिली आणि त्या पंथाचा अध्वर्यू मारिनेत्ती पुढे मुसोलिनीच्या पाठीशी उभा राहिला. ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये वेगाची नशा नाही. ताल संथ आहे, जड आहे आणि तसूभरही हलत नाही. माणूस वाजवतो तेव्हा ताल किंचित मागेपुढे होतो, थकतो, उसळतो. यंत्राला हे माहीत नाही. त्या निर्विकार तालावर फरपटत जाणारे गिटार आणि घशातून खरवडून निघालेला आवाज ऐकताना, दिवसाचे आठ तास यंत्राशी जुळवून घेणाऱ्या देहाला काय होत असेल याची कल्पना येते. श्रमिकाच्या परात्मतेवर अर्थशास्त्राने आणि तत्त्वज्ञानाने पुष्कळ लिहिले आहे. ती परात्मता कानांना जाणवावी असे प्रसंग मात्र थोडे.

पण वाद्य आपले असले म्हणून बाजार आपला होत नाही, हा या कारकिर्दीचा पुढचा धडा. १९९२ मध्ये ‘प्युअर’ ही ध्वनिमुद्रिका आली. त्या सुमारास या प्रकारच्या संगीताला गिऱ्हाईक आहे, हे अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या ध्यानात आले होते. १९९४ ची ‘सेल्फलेस’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत ‘कोलंबिया’ या बलाढ्य कंपनीमार्फत गेली. अपेक्षित यश दिसले नाही, आणि संबंध संपला. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘नाइन इंच नेल्स’ला अफाट लोकप्रियता मिळाली. गॉडफ्लेशचे ऋण उघडपणे मान्य करणाऱ्या लॉस एंजेलिसच्या ‘फिअर फॅक्टरी’सारख्या गटांनीही मोठा श्रोतृवर्ग मिळवला. नवी वाट पाडणाऱ्याने कष्ट उपसावेत आणि त्या वाटेवरचा जकातनाका दुसऱ्याने चालवावा, हा भांडवली बाजाराचा परिचित न्याय संगीतालाही लागू पडतो.

त्यानंतरची काही वर्षे डळमळीत गेली. १९९६ मध्ये यंत्राच्या जोडीला माणूस आणून ड्रमवर बसवला गेला, १९९९ मध्ये पुन्हा यंत्राकडे परतणे झाले, आणि २००१ च्या ‘हिम्स’मध्ये पुन्हा माणूस आला. ही चंचलता नव्हे. आपली ओळख कोणत्या श्रमविभागणीत आहे, याचा तो शोध होता. त्याच वर्षी ग्रीन बाहेर पडला. २००२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या वेळी ब्रॉडरिकचे मन पूर्णपणे खचले. दौरा रद्द झाला आणि वाद्यवृंद विसर्जित झाला. ध्वनिमुद्रण, प्रसिद्धी, दौरा, पुन्हा ध्वनिमुद्रण या चक्राचा ताल ड्रम मशीनपेक्षा कमी निष्ठुर नसतो. कलावंताला आपण श्रमिक समजत नाही, म्हणून त्याचे मोडून पडणे आपल्याला स्वभावदोष वाटतो. कारखान्यात तेच घडले असते तर त्याला कामाच्या परिस्थितीचा परिणाम म्हटले गेले असते.

‘हिम्स’मधील शेवटच्या रचनेचे ‘जेसू’ हे नाव घेऊन ब्रॉडरिकने नवा वाद्यवृंद उभारला. २०१० मध्ये फ्रान्समधील ‘हेलफेस्ट’ महोत्सवात तो आणि ग्रीन पुन्हा एकत्र आले; ड्रमच्या जागी पुन्हा यंत्र होते. २०१४ ची ‘अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’, २०१७ ची ‘पोस्ट सेल्फ’ आणि २०२३ ची ‘पर्ज’ या तिन्ही ध्वनिमुद्रिका ब्रॉडरिकच्या स्वतःच्या ‘अॅव्हलांच’ या संस्थेने काढल्या. उत्पादनाचे साधन आणि विक्रीची व्यवस्था अखेर एका हातात आली. याला मुक्ती म्हणावे काय? मर्यादित अर्थानेच म्हणता येईल. हे स्वातंत्र्य छोट्या कारागिराचे आहे. त्यात वरचा मालक नाही, पण खालचा आधारही नाही. आजारपण, तोटा आणि म्हातारपण या तिन्ही जोखमी एकट्याच्या शिरावर येतात. नोकरीची शाश्वती गमावलेल्या लक्षावधी श्रमिकांना आज असेच स्वतःचे मालक म्हणून गौरवले जात आहे. त्या गौरवात किती तथ्य आहे, हे त्यांनाच विचारावे.

गॉडफ्लेशच्या संगीताची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात साक्ष आहे, कार्यक्रम नाही. एकट्या माणसाचा आक्रोश आहे, समुदायाचा स्वर नाही. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या ‘टेस्ट डिपार्टमेंट’ या गटाने भंगारातील लोखंड बडवीत दक्षिण वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर ध्वनिमुद्रिका केली होती. तेथे लोखंडाचा आवाज आणि माणसांचा सामुदायिक कंठ एकत्र आले. मार्च १९८५ मध्ये तो संप मोडला. तीन वर्षांनी गॉडफ्लेशचा जन्म झाला तेव्हा लोखंड उरले होते, गायकवृंद नव्हता. त्या संगीतातील नैराश्याला व्यक्तीचा दुबळेपणा म्हणण्यापूर्वी हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. सामुदायिक कृतीचे मार्ग बंद झाले की दुःख नाहीसे होत नाही. ते खासगी होते, आणि खासगी झालेले दुःख ओरडते.

बर्मिंगहॅमची पुढची कथा याहून सुखद नाही. एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजचा कारखाना बंद पडून सहा हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ‘पर्ज’ निघाल्यावर तीन महिन्यांनी, मजूर पक्षाच्या ताब्यातील नगर परिषदेने दिवाळखोरीसमान सूचना जाहीर केली. सरकारी अनुदानातील दीर्घकालीन कपात, संगणकव्यवस्थेवरील फसलेला खर्च आणि स्त्री-कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे नाकारलेल्या समान वेतनाची देणी ही त्यामागची कारणे. त्यानंतर शहरातील प्रमुख कलासंस्थांचे अनुदान दोन वर्षांत संपूर्ण थांबवण्याचे ठरले. जुलै २०२५ मध्ये ‘ब्लॅक सबाथ’ची अखेरची मैफल याच शहरात झाली, आणि त्याच महिन्यात त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न मरण पावला, तेव्हा हजारो लोक त्याच्या अंत्ययात्रेसाठी रस्त्यावर उभे होते. ज्या संगीताला गोंगाट म्हटले गेले, त्याच्यासाठी शहराने अश्रू ढाळले. पण उद्याच्या आयोमीला किंवा ब्रॉडरिकला सरावासाठी एखादी परवडणारी खोली मिळेल, अशी व्यवस्था त्या शहराजवळ उरली आहे काय?

कारखाने बंद होतात तेव्हा अर्थतज्ज्ञ उत्पादन आणि रोजगार यांचे आकडे मांडतात, आणि ते मांडलेच पाहिजेत. परंतु त्या आकड्यांमागे एका संपूर्ण लोकसमूहाच्या अंगात मुरलेला ताल असतो. तो ताल कारखान्याबरोबर संपत नाही. दुसरीकडे कोठे तरी, बेसूर वाटणाऱ्या स्वरूपात, उमटत राहतो. तो ऐकण्याची तयारी समाजवादी चळवळीने दाखवली नाही, तर त्या आक्रोशाला शत्रू नेमून देणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचे कान तीक्ष्ण आहेत.