राष्ट्राध्यक्षांची मुलगी 'फर्स्ट लेडी' कशी होते?

'फर्स्ट लेडी' म्हणजे राष्ट्राध्यक्षांची पत्नी, असा सर्वसाधारण समज आहे. पण पाकिस्तानात मार्च २०२४ मध्ये आसिफ अली झरदारी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा हा मान त्यांची धाकटी मुलगी आसिफा भुट्टो झरदारी यांना मिळाला. त्यांच्या आई, माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांची २००७ मध्ये हत्या झाली होती.

मुलीने असं यजमानपद सांभाळणं नवीन नाही. अमेरिकेत १८६५ ते १८६९ दरम्यान अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होते. पत्नी एलायझा आजारी असल्याने व्हाइट हाऊसमध्ये पाहुण्यांचं स्वागत, मेजवान्या आणि वास्तूची डागडुजी मुलगी मार्था पॅटरसन यांनी पाहिली. त्या स्वतः मात्र कधी निवडणूक लढल्या नाहीत.

आसिफा यांचं वेगळेपण इथेच आहे. वडिलांनी रिकाम्या केलेल्या जागेवरून त्या बिनविरोध खासदार झाल्या. भाऊ बिलावल पक्षाचे अध्यक्ष आहेत.

'फर्स्ट लेडी'ला कायद्याने कोणतेही अधिकार नसतात. पण परदेशी पाहुण्यांच्या ओळखी आणि कॅमेऱ्यांसमोरची जागा मिळते. मुलगीच खासदार असेल, तर घरचा मान आणि राजकीय वारसा वेगळे काढणं कठीण होतं.