लेप शालिहोत्राचा, की बाजाराचा? (थ्रेड)

१/ घोड्याच्या वा गाढवाच्या अंगावर गाठ आली की ‘शालिहोत्राचा प्राचीन वनस्पती-लेप लावा, शस्त्रक्रिया नको’ असे सांगणारे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात. या दाव्यात इतिहासाचे नाव आहे, इतिहास नाही. त्याची किंमत मात्र मुके जनावर मोजते. म्हणून हा थ्रेड.

२/ आधी गाठ कोणती ते पाहू. घोडा, गाढव, खेचर यांच्या त्वचेवरील सर्वांत सामान्य अर्बुद म्हणजे सारकॉइड. १९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केले. गाई-बैलांना चामखीळ आणणाऱ्या पॅपिलोमा विषाणूशी त्याचा संबंध पुढे स्पष्ट झाला. ते सहसा अंतर्गत अवयवांत पसरत नाही. पण अर्धवट डिवचले तर अधिक जोमाने वाढू शकते.

३/ आता ग्रंथ. शालिहोत्र हा परंपरेने अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य. जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ एकोणिसाव्या शतकातच कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापला. नकुलाच्या नावावरचे सचित्र ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महालाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. हे ग्रंथ गुप्त नाहीत. मग लेप विकणारे अध्याय का सांगत नाहीत?

४/ अश्ववैद्यकाची बैठक आयुर्वेदाचीच आहे. त्या आयुर्वेदातील शल्यतंत्राचा प्रमाणग्रंथ सुश्रुतसंहिता अर्बुदाविषयी काय म्हणतो? ते निःशेष काढावे; अंश उरला तर ते पुन्हा त्वरेने वाढते आणि जीव घेते. उपाय म्हणून शस्त्र, क्षार आणि अग्नी सांगितले आहेत. ‘चिरफाड नको, नुसता लेप पुरे’ हा सुश्रुताचा पक्ष नव्हे.

५/ क्षार म्हणजे पाला वाटून केलेले मलम नव्हे. मोखा आदी वृक्ष जाळून, त्या राखेपासून सिद्ध केलेले ते मांस जाळणारे द्रव्य आहे. त्याचे मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे प्रकार, अधिक जळाल्याची लक्षणे, दाह शमवण्यासाठी आम्ल पदार्थ, कोणाला तो लावू नये याची यादी: सारे ग्रंथात आहे. बाजाराने यातले औषध उचलले आणि पथ्य टाकून दिले.

६/ आमच्या जवाहरनगरपासून भंडाऱ्याच्या जंगलांपर्यंत बिब्बा सर्वांना ठाऊक आहे. परीट ज्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, तोच. त्याचे तेल कातडीवर फोड आणते, व्रण करते. तोही ‘वनस्पती’च आहे! वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्या भाषेलाही मान्य नाही. नाहीतर ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार जन्मलाच नसता.

७/ हा भ्रम केवळ भारतीय नाही. १८५० च्या दशकात लंडनमध्ये डॉ. फेल यांनी ब्लडरूट या अमेरिकी वनस्पतीचा लेप कर्करोगावर वापरला. त्यात झिंक क्लोराइड होते. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनचे फ्रेडरिक मोज यांनीही तसाच लेप वापरला, पण ऊती घट्ट करण्यापुरता. नंतर थर कापून, अर्बुदाचा अंश उरला का हे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. यश तपासणीचे होते. आज घोड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ब्लडरूटच्या लेपांत ही तपासणी कुठे आहे?

८/ ‘पण आमच्या शिंगराची गाठ लेपाने गेली!’ गेली असेल. शिंगरांच्या तोंडावरचे विषाणूजन्य चामखीळ बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. काही सारकॉइडही स्वतःहून विरतात. शिवाय पृष्ठभाग जळून खपली पडली आणि मूळ आत राहिले, तरी काही दिवस जखम बरी दिसते. लेप विकणाऱ्याला तेवढे दिवस पुरतात.

९/ वरातीच्या पांढऱ्या घोड्यांची गोष्ट आणखी वेगळी. उतारवयात त्यांच्या शेपटीखाली काळ्या गाठी येतात. त्या बहुधा मेलॅनोमा असतात. गाठ ओळखल्याविना लेप लावणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे. कोणत्याही शास्त्रात ते पापच.

१०/ न्यायाची गोष्ट हीही: कडुनिंबाचे तेल जखमेपासून माश्या दूर ठेवण्यास उपयोगी पडते, आणि सारकॉइडच्या प्रसारात माश्यांचा हात असावा असे अभ्यासक मानतात. तेवढे श्रेय त्याला द्यावे. पण माशी हाकणे आणि अर्बुद नष्ट करणे यांत अंतर आहे.

११/ यावर ‘हा वसाहती दृष्टिकोन’ असा आक्षेप येईल. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, परळला १८८६ साली महाविद्यालय. दोन्ही इंग्रजी अमदानीतली, हे खरे. पण नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चे, स्वतंत्र भारताचे. आणि ‘अंश उरू देऊ नका’ हे तर सुश्रुतच सांगतो.

१२/ अश्वशास्त्राला राजाश्रय होता, कारण घोडा पागेचा होता. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात विकले जाणारे गाढव वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार यांचे पोट भरते; त्याच्या मागे कोणी राजा नाही. लेपाने चिघळलेल्या गाठीवर खोगीर वा ओझे चढवता येत नाही. मालकाची मजुरी बुडते, जनावर कवडीमोल होते.

१३/ म्हणून गाठ दिसली की आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. शस्त्रक्रिया, गोठवून नष्ट करणे, गाठीत औषध टोचणे यांपैकी काय योग्य, हे तपासणीनंतर ठरते. पूर्वजांचा अभिमान असेल तर त्यांची शिस्त पाळा. त्यांच्या नावाचे लेबल डबीवर चिकटवणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

(समाप्त)